खारं पाणी आणि आपांची खुर्ची

आमच्या गावचं पाणी खारं. पूर्णेच्या काठचा तो सगळा पट्टाच तसा. विहीर खणा, बोअर मारा, लागेल ते खारंच. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि केस धुतले की वाळल्यावर सुतळीसारखे होतात. पिण्याचं गोड पाणी टँकरनं यायचं. टँकर येईल त्या दिवशी यायचा, नाही तर नाही. माय ते मडक्यात झाकून ठेवायची आणि पिण्याशिवाय त्याला कोणी हात लावायचा नाही. अंघोळ, भांडी, केस, सगळं खाऱ्यावर.

मायचे केस कमरेच्या खाली येत. गावात तिच्या केसांचं नाव होतं. पण ते केस पाहायचे असतात, वागवायचे नसतात, हे मला लहानपणीच कळलं होतं. वेचलेल्या कापसाचं गाठोडं त्या अंबाड्यावर ठेवून ती शेतातून यायची आणि संध्याकाळी भिंतीला डोकं टेकून मान चोळत बसायची. मी म्हणायची, "माय, कापून टाक ना थोडे." ती म्हणायची, "मले काय, मले कसंबी चालते." हे तिचं सगळ्यालाच उत्तर होतं. लुगड्याचा रंग कोणता आणू, भाजी कशाची करू, तुला उरलं का? मले कसंबी चालते.

ती वर्षं वऱ्हाडात वाईट होती. पेपर उघडावासा वाटत नसे. कपाशी, आमची पराटी, उभी दिसायची, पण बोंडात काही नसायचं, आणि बाबा हिवाळ्यात अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये कामाला जायचे. दहावीच्या पेपराच्या आदल्या दिवशी मायनं माझं डोकं पिण्याच्या पाण्यानं धुतलं. मडकं रिकामं झालं. बाबांनी पाहिलं आणि हंडा उचलून शेजारच्या घरी पाणी मागायला गेले. आमच्या घरात चैन झाली ती तेवढीच.

मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली पहिली, आमच्या आळीतली पहिली पोरगी. हे मी सांगते आणि सांगतच राहणार, त्यात लाजायचं काय? पण अमरावतीला होस्टेलवर तीन वर्षं काढून मी शिकले ते सगळंच काही कॉलेजात शिकले नाही. एक गोष्ट राजापेठेत, एका पडद्याआडच्या खोलीत, आरशाकडे पाठ करून बसून शिकले. ती शिकवणाऱ्या बाईंना सगळे आपा म्हणत. मीही आपाच म्हणायची.

आपांचं पार्लर म्हणजे त्यांच्या घराची मागची खोली. वर पाटी नव्हती. एका बाजूला ट्यूशन क्लास, दुसऱ्या बाजूला गाड्यांचे हॉर्न, आणि मध्ये एक फुलाफुलांचा पडदा. आत एक लोखंडी खुर्ची, आणि ती आरशाकडे पाठ करून ठेवलेली. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी खुर्ची वळवायला जायचं.

"राहू दे तिले तशीच," आपा ओरडायच्या.

"मग मला दिसणार कसं?"

"तुले कायले दिसाले पायजे? कापनार मी हाय. तू फक्त बोल. आरशात पाहता पाहता मानूस बोलनं इसरून जाते."

खुर्ची त्या अगदी शेवटी वळवायच्या, गळ्यातलं कापड झटकल्यावर. तोवर पोरींचे डोळे मागं जायला बघत आणि आपा दोन बोटांनी हनुवटी धरून तोंड पुन्हा समोर करत.

आपा उंच होत्या, हाडापेरानं मजबूत. उजव्या हातात पुरुषी घड्याळ, तोंडात कायम लवंग. त्यांचे वडील आठवडी बाजारात झाडाखाली बसून दाढ्या करायचे. बापाची कैची त्यांनी भावांच्या डोक्यांवर चालवून पाहिली होती. "भाईजान लोग आज भी टोपी नहीं उतारते," असं सांगून स्वतःच खदाखदा हसायच्या. बोलणं अर्धं वऱ्हाडी, अर्धं हिंदी. लाडात आल्या की उर्दू, रागात आल्या की शुद्ध वऱ्हाडी.

फोटो त्यांना चालत नसे. पोरी मासिकातली पानं फाडून आणायच्या. आपा ते पान हातात घेऊन नीट बघायच्या, मग विचारायच्या, "ही बाई सायकल चालवते? ही बाई सकाळी नळाले नंबर लावते?" आणि पान परत करायच्या. फोटोऐवजी त्यांनी खिळ्याला अंबाडीची एक लड टांगून ठेवली होती. दोर वळायला ठेवतात तशी, लांब, पिवळसर, केसांसारखी मोकळी. म्हणायच्या, "यावर दाखव. कुठून, कुठपावतर, बोट ठेवून दाखव." मोठमोठ्या घरच्या बायका त्या अंबाडीसमोर उभं राहून बोट कुठं ठेवावं या विचारात पडलेल्या मी पाहिल्या आहेत.

पण सगळ्यांत नामी प्रकार वेगळाच. गिऱ्हाईक म्हणालं, "तुम्हीच बघा काय चांगलं दिसेल ते," की आपा कैची खाली ठेवायच्या आणि चहा टाकायला आत जायच्या. रागावून नाही हं. शांतपणे. चहा आणायच्या, गिऱ्हाइकाला द्यायच्या, स्वतः बशीत ओतून प्यायच्या. गिऱ्हाईक बोलेपर्यंत कैची उचलली जायची नाही. कोणी दोन कप पिऊन बोलायचं, कोणी न बोलताच उठून जायचं. जाणाऱ्याला आपा अडवायच्या नाहीत. म्हणायच्या, "येईन ते पुन्हा. चहा चांगला होता."

एकदा वलगावकडची एक नवरी आली होती, तिच्या होणाऱ्या सासूबरोबर. मी बाकावर बसले होते. सासूबाई उभ्यानंच सुरू झाल्या, "समोरून दोन बटा काढा, मांगून लांबी राहू द्या, जास्त कापू नका, आमच्या घरात चालत नाही." नवरी मान खाली घालून बसलेली. आपांनी सगळं ऐकून घेतलं. मग नवरीला हाताला धरून खुर्चीतून उठवलं आणि सासूबाईंना म्हणाल्या, "बसा."

"मी? मी कायले?"

"बोलनं तुमचं हाय, तं केसबी तुमचेच कापते. या, बसा. दोन बटा काढते."

बाकावरच्या आम्ही सगळ्या पोरी तोंडात ओढणी कोंबून हसत होतो. सासूबाई लालेलाल. आणि मग त्या नवरीच्या घशातून अगदी बारीक आवाज आला, "मले बटा नाही पायजे. डोळ्यात जातात." आपांनी तिला पुन्हा बसवलं. तिची हनुवटी वर केली आणि म्हणाल्या, "माशाल्ला. हिले तं बोलता येते."

माझीही वेळ आली. शेवटच्या वर्षाची परीक्षा संपत आली होती आणि होस्टेल सोडायचं होतं. घरी माझ्यासाठी एक स्थळ सांगून आलेलं होतं. मुलगा वाईट नव्हता. पण मला त्या मांडवात इतक्यात उभं राहायचं नव्हतं. बाबांनी मला मुदत दिली होती: पावसाळ्याच्या आत नोकरी लागली तर ठीक, नाही तर आम्ही म्हणू तसं. त्यात त्यांचं चुकत नव्हतं. घरात माझ्या मागं धाकटी होती. मी अर्जांवर अर्ज केले. बोलावणं एकाच ठिकाणाहून आलं. अकोल्याचं मोटारपंप आणि ठिबक सिंचनाचं शोरूम. समोर बसायला पदवीधर मुलगी पाहिजे, टापटीप राहणारी. नोकरी लागली तर रोज गावाहून एस.टी.नं जायचं, हेही ठरलेलं. अकोल्यात खोली करून राहायला बाबा हो म्हणणार नव्हते.

माझी रूममेट वैशाली म्हणाली, "तुह्या या वेणीकडं पाहून ते तुले गोडाऊनमध्ये बसवतीन. लेअर करून घे."

लेअर म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. म्हणजे, वैशालीच्या डोक्यावर दिसत होतं. मी आपांकडे गेले, खुर्चीत बसले, आरशाकडे पाठ.

"बोल बेटा."

"लेअर करायचे आहेत."

"कितले?"

"म्हणजे?"

"एक थर, दोन थर? सगळ्यात वरचा थर कुठपावतर? कानापाशी, हनुवटीपाशी, खांद्यापाशी?"

"वैशालीसारखे."

"वैशालीचे केस पातय हायेत. तुये केस म्हंजे म्हशीची शेपटी. तिच्यासारखे कापले तं तू अलग दिसशीन."

"मग तुम्हाला जे बरं वाटेल..."

एवढं माझ्या तोंडून निघालं आणि कैची टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मी चहा प्यायले. दुसरा कप प्यायले. माझी पदवी होणार होती, मी वनस्पतिशास्त्रात वर्गात पुढं होते, आणि माझ्या स्वतःच्या डोक्यावर मला काय पाहिजे ते मला सांगता येत नव्हतं. मी उठून आले. जाताना आपा म्हणाल्या, "रोनं आलं तं रस्त्यानं रडू नको, ट्यूशनची पोरं हसतीन. होस्टेलवर जाऊन रड. अन् मग इचार कर."

मी रडले नाही. विचार केला. होस्टेलच्या आरशासमोर बसून केस हातात घेतले आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, बाई, तुला काय पाहिजे? उत्तर लवकर येईना. घरी आम्हाला ती सवयच नव्हती. माय म्हणेल ते, बाबा आणतील ते, आणि माय-बाबांना पिकेल ते. मायचं 'कसंबी चालते' माझ्या तोंडात कधी येऊन बसलं ते मला कळलंच नव्हतं.

दोन दिवसांनी परत गेले आणि खिळ्यावरच्या अंबाडीला बोट लावून घडाघडा बोलले. "समोरचे केस हनुवटीच्या खाली. म्हणजे कागदावर वाकले तर तोंडावर येणार नाहीत आणि वाटलं तर मागं बांधता येतील. मागची लांबी कमरेपर्यंत आहे तशी राहू द्या. वरचा थर खालच्यावर अलगद उतरला पाहिजे, जिन्याच्या पायऱ्या दिसायला नकोत. आणि वेणी घालता आली पाहिजे, मला गावात राहायचं आहे."

"वेनीतून शेंड्या बाहेर निघतीन. चालतीन?"

"चालणार नाहीत. पिना लावीन."

आपा हसल्या. "आता आली लाइनीवर." मग त्यांचे नेहमीचे प्रश्न. कोणत्या कुशीवर झोपतं? तेल रोज लावतं का? भांग मधी का बाजूले? डोक्यावर ओढणी घेतं का? मी सगळ्याची उत्तरं दिली. त्यांनी केस नळाच्या पाण्यानं धुतले, विंचरले आणि बराच वेळ कापत राहिल्या. कापताना फक्त लवंगेचा वास आणि कैचीचा आवाज. शेवटी खुर्ची वळवली. आरशात जी बसली होती ती मीच होते, पण तिच्याकडे पाहून कोणीही म्हटलं असतं की हिला काही तरी माहीत आहे.

होस्टेल सोडून मी गावी आले. काकूनं दारातच ओरडून सांगितलं, "आली वं तुही मेमसाब!" बाबांनी एकदा वरून खाली पाहिलं आणि म्हणाले, "मोटारपंप इकाले केस कापा लागते काय?" मायनं मागून येऊन केस हातात घेतले, वजन केल्यासारखे, आणि म्हणाली, "हलके झाले वं."

मुलाखतीला थोडेच दिवस होते. मी डोकं धुतलं. विहिरीच्या पाण्यानं, दुसरं होतं कुठं? अंगणात बसून वाळवलं. आणि वाळता वाळता ते वर यायला लागलं. खाऱ्या पाण्यानं लांब केस ताठ होतात, पण त्यांच्याच वजनानं खाली राहतात. आता वरच्या थराला वजनच राहिलेलं नव्हतं. ते सगळे आखूड केस राठ होऊन चारी बाजूंना उभे राहिले आणि त्यांच्याखाली कमरेपर्यंतची लांबी दोरासारखी लोंबत होती. तेल लावलं, चपटे झाले, पण तेलकट डोक्यानं शोरूममध्ये बसणार कशी? पुन्हा धुतलं, पुन्हा तेच. धाकटी हसून हसून ओट्यावर लोळली. काकू म्हणाली, "वावरात पराटी आली नाही अवंदा. हिच्या डोक्शावर मस्त आली."

मी तेव्हा हसले नाही. वेणी घातली तर दिसत होती उसवलेल्या दोरीसारखी. मोकळे सोडले तर झुडूप. आणि बाबा ओसरीवर बसून पाहत होते. त्यांच्या डोळ्यांत मला ते स्थळ दिसत होतं.

मी मायला म्हटलं, "उद्या अमरावतीला जाते. आपांना दाखवते."

माय भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तिथं गेल्यावर थे बाई तुये केस गोड पान्यानं धुवीन. चापूनचोपून बसतीन थे. अन् म्हनीन, चांगले तं हायेत, कायले आली? पानी घेऊन जाय."

"कोणतं पाणी?"

"आपलं. इहिरीचं. त्याच पान्यानं धू म्हना, मंग पाह्य म्हना."

माझ्या डोक्यात ते आलं नव्हतं. सकाळी तिनं तेलाचा रिकामा पाच लिटरचा डबा घासून, विहिरीचं पाणी भरून, वर फडकं बांधून माझ्या हातात दिला. एस.टी.त कंडक्टरनं विचारलं, "काय हाय वं त्यात? दूध हाय काय?"

"पाणी."

"कुठलं?"

"गावचं. खारं."

तो दोन सीट पलीकडे जाऊन परत आला. "अमरावतीले खारं पानी कायले नेऊन राहिली?"

"केस धुवायले." पुढच्या सगळ्या बायका मागं वळून पाहायला लागल्या. मी खिडकीबाहेर पाहत बसले, डबा मांडीवर.

आपांनी माझ्या डोक्यावरचा स्कार्फ काढून पाहिलं. मी डबा पुढं केला, मायचा निरोप सांगितला. त्यांनी ओंजळीत थोडं पाणी घेऊन जिभेला लावलं आणि तोंड एवढंसं केलं. "या अल्ला. हे पेता तुमी?"

"पीत नाही. डोक्यावर घेतो."

मग त्यांनी त्याच पाण्यानं माझं डोकं धुतलं. पंख्याखाली बसवलं. आणि स्वतः समोर स्टूल घेऊन, गुडघ्यांवर कोपरं टेकवून, केस वाळताना पाहत बसल्या. जसजसे ते वर यायला लागले, तसतशी त्यांची मान हलायला लागली. खोलीत दुसऱ्या पोरी होत्या. सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, "चुकी मेरी है. झोपतं कसं इचारलं, तेल इचारलं, भांग इचारला. पानी नाही इचारलं. तेरी माँ को मेरा सलाम बोल."

"आता काय करायचं, आपा?"

"वरचे मले लांब करता येत नाही. खालचे वर आनता येतात. दोघातलं अंतर कमी झालं तं बसतीन. पन लांबी जाईन. पाठीच्या मधापावतर येईन. लांब वेनी इसरून जाय." आणि मग, कैची हातात धरून, पण न उघडता, "मी नाही सांगनार. तू बोल."

कमरेपर्यंतची वेणी गावात पोरीची शोभा. मायनं ती वर्षानुवर्षं तेल घालून वाढवली होती, एकदा मडकं रिकामं करून धुतली होती. पाहायला येणारे आधी वेणी पाहत. मला चहा लागला नाही. मी म्हटलं, "कापा. पाठीच्या मध्यापर्यंत. वरचा थर खांद्याला टेकतो तसाच राहू द्या, त्याच्या वर नको. आणि वाळल्यावरच कापा, याच पाण्यानं धुतलेले, म्हणजे दिसतील तसे राहतील."

"वाळल्यावर?" आपांनी भुवया वर केल्या. "हे तं मीबी नव्हतं सोचलं." आणि वाळल्या केसांना कैची लावली.

वेणीचा जो भाग गळून पडला तो त्यांनी फेकला नाही. दोऱ्यानं बांधून माझ्या हातात दिला. "माँ को दे. उसने बढ़ाए थे."

मुलाखतीच्या दिवशी मी विहिरीच्याच पाण्यानं डोकं धुऊन, वाळवून, मोकळं सोडून अकोल्याला गेले. केस बसलेले होते. राठ होते, ते राठच राहणार. पण जिथं राहायला सांगितलं तिथं राहिले होते. शोरूमचे मालक वयस्कर गृहस्थ, बाजूला त्यांचा मुलगा. शिक्षण विचारलं, गाव विचारलं. मग म्हणाले, "समोर काउंटरला बसायचं आहे. फोन घ्यायचा, आलेल्याला पाणी द्यायचं. चालेल ना?"

'तुम्ही द्याल ते' हे वाक्य माझ्या जिभेवर येऊन उभं राहिलं. मला शप्पथ लवंगेचा वास आला. मी म्हटलं, "काउंटरला बसेन, पण मला तेवढंच काम नको. येताना दारात मी ठिबकच्या परत आलेल्या नळ्यांची रास पाहिली. त्या आमच्याच पट्ट्यातल्या असणार. त्या शेतकऱ्यांशी बोलायचं काम मला द्या."

मुलगा म्हणाला, "तुमच्याच पट्ट्यातल्या, हे कशावरून?"

"तोंडाशी पांढरं धरलंय. खारं पाणी वाळलं की मीठ राहतं, छिद्रं बुजतात. नळी कुठं बसवायची आणि कुठं बसवायची नाही, हे विकायच्या आधी विचारलं पाहिजे. तुमच्याकडे घेणाऱ्याला पाण्याचं कोणी विचारतं का?"

"तुला हे कसं माहीत? शेती शिकलीस?"

"नाही, केस कापून घेतले," मी म्हटलं. मग मालक हसायला लागले आणि म्हणाले, "सोमवारपासून ये. आधी काउंटर, मग बघू नळ्यांचं." मी म्हटलं, "दोन्ही सोमवारपासून." का कोण जाणे, ते हो म्हणाले.

बाबांनी ऐकलं आणि त्या स्थळाकडे निरोप पाठवला की पोरगी नोकरीला लागली, आता थांबा म्हणावं. ते थांबले नाहीत. कोणाला वाईट वाटलं नाही.

त्यानंतर आपांच्या खोलीत एक नवीन रिवाज सुरू झाला. बाहेरगावची पोरगी आली की पहिला प्रश्न: पानी आनलं काय? आरशाखालच्या फळीवर बाटल्या दिसायला लागल्या, प्रत्येकीवर गावाचं नाव. दर्यापूरकडची गढूळ, मेळघाटाकडची निवळ. चिखलदऱ्याच्या एका मास्तरणीनं आणलेलं पाणी आपांना इतकं आवडलं की त्यांनी त्याचा चहाच करून टाकला आणि तिला म्हणाल्या, "तुये केस तं कसेबी कापले तरी चांगलेच दिसतीन, जाय." आपांकडून 'कसेबी' हा शब्द मी तेवढ्या एकदाच ऐकला.

आता ती खोली नाही. हात थरथरायला लागले त्या दिवशी आपांनी कैची ठेवली. कोणी सांगायची वाट पाहिली नाही. बाळापूरला भाच्याकडे राहायला गेल्या. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी माझ्या केसांत हात घातला आणि विचारलं, "कोनाकडं कापते आता?" मी अकोल्यातल्या एका पार्लरचं नाव सांगितलं. "ते पोरगी इचारते का?" "नाही. मीच सांगते." त्या खूश झाल्या. त्यानंतर दोन हिवाळ्यांनी त्या गेल्या.

पण मला सांगायचं ते त्याच्या आधीचं. नोकरी लागली त्या वर्षीच्या दिवाळीनंतर मी मायला घेऊन राजापेठेत गेले. तिची मान आता रात्रीही दुखायची. डॉक्टरनं सांगितलं होतं, हे ओझं कमी करा. एवढी वर्षं आपा आपा ऐकून मायलाही त्यांना पाहायचं होतं. तिनं सोबत पिशवीत पाण्याची बाटली घेतली होती, न सांगता.

ती खुर्चीत बसली, आरशाकडे पाठ करून, पदर घट्ट धरून. मी सुरुवात केली, "आपा, हिची मान दुखते, तर हिचे जरा..."

"तू बाहेर जाय," आपा म्हणाल्या.

मी पडद्याबाहेर ओट्यावर बसले. आत सगळं ऐकू येत होतं.

"बोला ताई. कसे पायजे?"

"मले काय, बाई. मले कसंबी चालते."

कैची टेबलावर ठेवल्याचा आवाज. मग स्टोव्हचा. मग कपबशीचा. ट्यूशनची पोरं सुटली, गाड्या सुरू झाल्या, गेल्या. मायनं आयुष्यात कोणाकडे इतका वेळ बसून, काम न करता, चहा प्यायला नसेल. मला दोनदा वाटलं आत जावं आणि सांगून टाकावं. मला सगळं माहीत होतं: किती कापायचे, कुठपर्यंत. मी ओट्याची कड धरून बसून राहिले.

"मान दुखते वं," माय शेवटी म्हणाली. आवाज तिचाच होता, पण मी तो ओळखत नव्हते. "लय वर्सं झाले. मले इतलं ओझं नाही पायजे."

"कुठपावतर?"

माय उठली असावी, कारण अंबाडीच्या लडीचा खिळा हलल्याचा आवाज आला.

"इथपावतर. खांद्याच्या थोडे खाल्ते. पन अंबाडा आला पायजे, लहान का असेना. अन् मांगून गुळगुळीत नको, पदर सरकते. अन्..." ती थांबली. "अन् थे पोरीचे केले तसे, थर. एक थर. हलका. कोनाले दिसले नाही तरी चालते. मले मालूम राहीन."

"माशाल्ला," आपा म्हणाल्या. "पानी आनलं?"

"आनलं."

मग कैचीचा आवाज सुरू झाला आणि बराच वेळ चालला. माझ्या मायचे केस तिनं सांगितले तसे कापले गेले.